प्रॉम्प्टचे रंग

५ जुलै
बँकेने नवा लॅपटॉप दिला. मेल, ब्राउझर नंतर पाहू म्हटले. आधी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून त्याचे रंग लावायला घेतले. दिवसाचा मोठा भाग मी याच खिडकीत वाचत असते, तेव्हा ती डोळ्यांना सोसली पाहिजे. फोल्डरांची नावे काळ्यावर गडद निळी येत होती आणि वाचायला पुढे झुकावे लागत होते. यात यादी दाखवणाऱ्या आज्ञेचा दोष नाही. ती फक्त ३४ हा आकडा पाठवते. ३४ म्हणजे निळा. पण कोणता निळा, हे टर्मिनल ठरवते. मूळ रंग ३० ते ३७ असे आठच, कारण लाल, हिरवा, निळा यांतला प्रत्येक एकतर चालू नाहीतर बंद. टर्मिनलमधला निळा एकदा उजळ केला की तो आकडा वापरणारा प्रत्येक प्रोग्राम वाचनीय होतो. प्रत्येक प्रोग्राममध्ये शिरून रंग बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

६ जुलै
इथन शूनोव्हरची सोलराइज्ड ही रंगमाला लावली. २०११ मधली आहे, तरी मला अजून तीच आवडते. त्याने रंग मनाला आले म्हणून निवडले नाहीत. डोळ्यांना जाणवणारा उजळपणा मोजणारी लॅब ही पद्धत घेऊन छटा ठरवल्या. आठ छटा पार्श्वभूमीसाठी आणि साध्या मजकुरासाठी, आठ ठळक रंग. तेच आठ ठळक रंग गडद पार्श्वभूमीवरही चालतात आणि फिकट पार्श्वभूमीवरही. गडद रूपातला मजकूर मला जरा मंद वाटतो, म्हणून एक पायरी उजळ केला.

८ जुलै
आज प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागेआधी दिसणारा छोटा मजकूर. लोक त्यात वेळ, बॅटरी, हवामानसुद्धा दाखवतात. मला चारच गोष्टी हव्यात: मी कोण म्हणून आत आहे, कोणत्या यंत्रावर आहे, कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि मागची आज्ञा फसली का. त्यातही यंत्राचे नाव सगळ्यांत महत्त्वाचे. एका खिडकीत पुण्याचा टेस्ट सर्व्हर, शेजारच्या खिडकीत मुंबईचा लाइव्ह. आज्ञा तीच, पण एकीकडे चाचणीचा डेटा पुसला जातो, दुसरीकडे खातेदारांचा. आमच्या विभागाची जुनी रीत अशी की लाइव्हचा प्रॉम्प्ट लाल, टेस्टचा हिरवा.

९ जुलै
नव्याने रुजू झालेला मुलगा शेजारी बसून पाहत होता. हळूच म्हणाला, "मॅडम, हे दोन्ही मला एकसारखेच दिसतात." नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांमधला आकडा वाचायला देतात, त्या इशिहारा चाचणीत त्याला हे कळले होते. लाल-हिरव्यातला फरक न दिसण्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषांकडे एक्स एकच, म्हणून त्यांच्यात हे बरेच जास्त आढळते. आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या खोलीत बहुतेक पुरुषच! ज्यावर इतके अवलंबून आहे, ती खूण सगळ्यांना दिसलीच पाहिजे. तो ते बोलला याचा मला फार आनंद झाला.

संध्याकाळी आकडे बदलले. लाल-हिरव्याऐवजी नारिंगी आणि आकाशी. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी रंगदृष्टी वेगळी असणाऱ्यांसाठी सुचवलेल्या रंगमालेत हे दोन्ही आहेत. मुलाला दाखवले, लांबून ओळखले त्याने.

१० जुलै
तरीही केवळ रंगावर भिस्त ठेवायची नाही असे ठरवले. १९७८ चे व्हीटी१०० टर्मिनल एकरंगीच होते. ठळक अक्षर, अधोरेखा, लुकलुकणे आणि अक्षर-पार्श्वभूमीची अदलाबदल एवढ्यावर लोकांनी काम चालवले. ती अदलाबदल आजही आकडा ७ पाठवला की होते. लाइव्ह यंत्राचे नाव आता उलट्या पट्टीत येते. रंगमाला कुणाची काहीही असो, पट्टी दिसणारच. बॅशमध्ये, म्हणजे टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रंगाचे हे अदृश्य आकडे उलट्या तिरक्या रेघांसह चौकटी कंसांत बांधावे लागतात. नाहीतर बॅश त्यांनाही अक्षरे समजून ओळीची लांबी चुकीची मोजते आणि लांब आज्ञा स्वतःवरच चढते.

११ जुलै
मुलाने सुचवले, "पट्टीत नाव मराठीत टाकू या का?" कल्पना मनापासून आवडली. 'पुणे' लिहिले, छान बसले. 'मुंबई'सुद्धा. 'नाशिक' मात्र मोडले: काना न पासून सुटून उभा राहिला आणि पहिली वेलांटी श च्या मागे जाऊन पडली.

टर्मिनलचा पडदा म्हणजे गणिताची चौकटींची वही. व्हीटी१०० च्या काळी ८० स्तंभ, २४ ओळी. ते ८० सुद्धा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रपत्रिकेवरून आलेले. प्रत्येक चौकटीत एक अक्षर, डावीकडून उजवीकडे. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांची रुंदी शून्य धरतात, म्हणून 'पुणे' दोन चौकटींत मावते. काना आणि वेलांटी यांना मात्र स्वतंत्र चौकट मिळते. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि काढायची असते आधी. प्रत्येक चौकट वेगळी रंगवणाऱ्या टर्मिनलला हे जमणार कसे? जोडाक्षरांचे तर विचारूच नये, 'स्थिती' पाहवेना. शिरोरेषेने शब्द बांधणाऱ्या लिपीला चौकटीत कोंबले की असेच होणार, आणि मला याचे खरोखर वाईट वाटते. चाळीसहून अधिक वर्षे या खिडकीचा पाया तोच आहे, आणि तो घालताना आपली लिपी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

१२ जुलै
एमएलटर्म हे दुसरे टर्मिनल लावून पाहिले. भारतीय लिपी त्यात हेतुपुरस्सर हाताळल्या आहेत. 'नाशिक' सरळ दिसले. पण पडदा नीट झाला तरी गोष्ट संपत नाही. बॅश आपली चौकटमोजणी स्वतंत्र करते. दोघांचा हिशेब जुळला नाही की कर्सर एक-दोन घरे चुकतो, आणि लाइव्ह सर्व्हरवर कर्सर चुकलेला मला चालणार नाही. तेव्हा यंत्रांची नावे तूर्त रोमनमध्येच, लाइव्हचे नारिंगी उलट्या पट्टीत. लॉगइन झाल्यावर एकदाच येणारा स्वागताचा मजकूर मात्र मराठीत ठेवला, कारण तिथे कर्सरला काही काम नसते.

१५ जुलै
सेटिंग्जची फाइल विभागातल्या सगळ्यांना दिली. मुलाने शेजारी आणखी एक फाइल केली आहे: नाशिक, स्थिती, क्षेत्र, कार्यालय, वर्धा, रत्नागिरी. नवे टर्मिनल बसवायचे की आधी ही फाइल त्यात उघडायची. मी त्यात 'हृदय' आणि 'ज्ञानेश्वर' घातले.