खोली सोडण्यापूर्वी

वरळी, मुंबई

ती. सौ. ताईस,


पुनर्विकासात आपल्या इमारतीचा नंबर लागला. पुढच्या महिन्यात खोली रिकामी करून द्यायची आहे. काल टेप घेऊन ती मोजली. घरचे सहा आणि गावाकडचे दोन गिरणी कामगार असे आपण आठजण जिथे राहिलो, ती जागा १६० चौरस फूट!

ही चाळ कुणाच्या मायेनं नव्हे, हिशेबानं बांधलेली. १९२० साली गव्हर्नर लॉइडच्या काळात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघालं, म्हणून बी.डी.डी. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. झाला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा : वरळीत १२१ इमारती, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२. त्यातही वरळी गिरण्यांपासून लांब आणि भाडं कामगाराला न झेपणारं, त्यामुळे इथल्या कितीतरी खोल्या पहिली काही वर्षं ओस पडून होत्या. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारनं याच चाळींत सत्याग्रही डांबले. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणून चालून गेली, यातच तिचा नकाशा कळतो.

गिरगावच्या चाळीत दार उघडलं की लाकडी कठड्याची गॅलरी, समोर चौक, उजेड, वारा. आपल्याकडे पॅसेज मधोमध आणि दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. एका मजल्यावर २०, चार मजले मिळून ८०. भर दुपारीही पॅसेजमध्ये दिवा लागायचा. मोरी खोलीत, पण संडास मजल्यावर सामाईक. सकाळच्या त्या रांगेत आईची होणारी कुचंबणा तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. बांधकाम मात्र काँक्रीटचं, म्हणून शंभर वर्षं निघाली. आता आतल्या सळ्या गंजून स्लॅबचे पोपडे पडतात.

म्हणून चाळ पडते याचं मला दुःख नाही. गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. आईला असं घर मिळायला हवं होतं.

दुःख निराळंच आहे. बी.डी.डी.चा इतिहास लिहिला जाईल तो नकाशांचा, १९७४ च्या वरळीच्या दंगलीचा, १९८२ च्या गिरणी संपाचा. ते लिहायलाच हवं. पण सरकारी नकाशात आपली खोली म्हणजे एक कोरा चौकोन आहे. रात्रपाळीचा माणूस दिवसा निजायचा तेव्हा तू अभ्यासाला कुठे बसायचीस, संपात डबे बंद झाल्यावर आईनं कुणाकुणाला जेवू घातलं, बाळंतिणीला आडोसा कुठे केला, हे त्यात नाही. एवढ्याशा जागेत माणसं माणसांसारखी राहिली, ती या बायकांच्या व्यवस्थेमुळे. या घराचं खरं वास्तुशास्त्र तेच होतं, असं माझं ठाम मत आहे.

मी लहान होतो, मला अर्धंच आठवतं. खोलीची मापं सोबतच्या कागदावर काढून पाठवतो आहे. कोण कुठे झोपायचं, ते त्यावर तुझ्या हातानं लिहून दे.

तुझा धाकटा भाऊ