परपेच्युइटी म्हणजे काय, दादा?

चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलेलं. गाडीवर मागे ओळखीतला एक पोरगा. महाळुंग्याला व्हेंडरकडे सीएनसीवर कंत्राटी कामाला. त्याने मोबाईल पुढे केला. "दादा, बघा ना जरा. एक कंपनी माझं गाणं घेतीय. सोमवारी सही."

चौदा पानं, सगळी इंग्रजी. मुदतीच्या जागी लिहिलंय, परपेच्युइटी.

म्हणजे काय, त्याने विचारलं. कायमचं, म्हटलं.

मला जुडास प्रीस्ट आठवले. कॉलेजात कॅसेटवर ऐकलेला हेवी मेटल बँड. पोरं बर्मिंगहॅमच्या बाजूची, म्हणजे भोसरी-चाकणसारखाच फाउंड्र्या आणि कारखान्यांचा पट्टा. 1974 मध्ये त्यांचा पहिला अल्बम 'रॉका रोला' गल नावाच्या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढला. पैसा जेमतेम. दुसऱ्या अल्बमच्या वेळी तर दिवसातून एकदाच जेवण. गिटारवाला ग्लेन टिप्टन माळीकाम करायचा, के. के. डाउनिंग कारखान्यात जायचा, बेस वाजवणारा इयन हिल डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. (दुसऱ्या शिफ्टनंतर रेकॉर्डिंगला पळणारी आपली पोरं यापेक्षा वेगळं काय करतात?)

शेवटी वैतागून करार मोडला आणि सीबीएसकडे गेले. नाव झालं, पैसा आला. पण पहिल्या दोन अल्बमचे हक्क, अगदी डेमोसकट, गलकडेच राहिले. 'रॉका रोला' बँडला हवा तसा नव्याने मिक्स होऊन आला 2024 मध्ये, तोही हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर. पन्नास वर्षं!

गललाही सरसकट शिव्या घालता येत नाहीत. कोणी विचारत नव्हतं तेव्हा पैसा त्यांनीच लावला होता.

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीनंतर कायदा जरा बरा आहे. गाणं लिहिणारा, चाल लावणारा हक्क देऊन बसला तरी रॉयल्टीतला त्याचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. करारात मुदतच नसेल तर पाच वर्षं धरतात. पण इथे मुदत लिहिलीय ना! आणि वाटा कायद्याने असला तरी तो मागायला कोर्टात कोण जाणार, खाडा करून?

पोरगा म्हणतो, "सही नाही केली तर दुसऱ्याचं गाणं घेतील." खोटं नाही ते.

रविवारी त्याला सुट्टी आहे. कॉपीराइटचं काम करणारे वकील पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाच्या ओळखीत असतील तर इनबॉक्स करा. फी मी बघतो.