आठ तारांचा हिशेब

सासूबाईंना आता मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत. चातुर्मासातलं प्रवचन त्या घरीच टीव्हीवर ऐकतात, आणि गेल्या आठवड्यात नेमकं तेच सारखं अडकू लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "स्विच गेलाय, नवा घ्या."

मी बी.कॉम. तेरीज जुळली नाही म्हणून कुणी खातेवही फेकत नाही, एकेक नोंद तपासतात. तसंच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टीव्हीची केबल दुसऱ्या पोर्टात लावली, तरी तेच. मग पहिल्याच पोर्टात सुनेच्या लॅपटॉपची चांगली केबल लावली, तर प्रवचन सुरळीत! म्हणजे पोर्ट निर्दोष, खोट केबलमध्ये.

शेजारच्या मुलाकडून टेस्टर आणला. त्यावर आठ तारांचे आठ दिवे ओळीने लागतात. प्लगजवळ केबल जराशी वाकवली की सहावा लागेचना. आमच्या टीव्हीचं पोर्ट 100 एमबीपीएसचं, त्याला 1, 2, 3 आणि 6 याच तारा लागतात. सातवी तुटली असती तर कळलंही नसतं!

दुरुस्तीवाल्याकडून फक्त टोकाचा प्लग बदलून घेतला. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "महाराजांचं कालचं राहिलेलं पुन्हा लागेल का गं?"