कोस्टा मेसा : आहारशास्त्राच्या वाटेवरचे एक महाविद्यालय

दक्षिण कॅलिफोर्नियात जाणारा आपला माणूस बहुधा डिस्नेलँड पाहतो, बुएना पार्क येथील जैन मंदिरात दर्शन घेतो, आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवरील साड्यांची, दागिन्यांची व मिठाईची दुकाने हिंडतो आणि परत येतो. गेल्या वर्षी चिरंजीवांकडे तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा हे सर्व आम्ही उभयतांनीही केले. परंतु ज्या स्थळाने मला सर्वाधिक विचार करावयास लावला, ते म्हणजे कोस्टा मेसा शहरातील ऑरेंज कोस्ट महाविद्यालय. माझी नात तेथे पोषण व आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे.

पॅसिफिक महासागरापासून काही मैलांवर, सपाट जमिनीवर हे महाविद्यालय पसरलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा लष्करी तळ होता. युद्ध संपल्यावर त्या जमिनीचा काही भाग शिक्षणाकडे आला आणि १९४८ मध्ये सैनिकांच्या जुन्या बराकींतच वर्ग भरू लागले. पुढे रिचर्ड नॉयट्रा या ख्यातनाम वास्तुरचनाकाराने येथील काही इमारतींचे आराखडे केले. तळाच्या दुसऱ्या भागावर आज जिल्ह्याच्या जत्रेचे मैदान आहे. परिसरात भव्य कमान नाही, की डोळे दिपविणारा दिखावा नाही. मोटारी उभ्या करण्याची विस्तीर्ण मैदाने, ठेंगण्या इमारती आणि सावलीचे बाक. मात्र त्या बाकांवर बसलेली माणसे पाहण्यासारखी होती. अठरा वर्षांच्या मुलीशेजारी चाळिशीतली गृहिणी पुस्तक उघडून बसली होती आणि पलीकडे कामाच्या गणवेशातला एक गृहस्थ गणिते सोडवीत होता.

या संस्थांना तेथे ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये आहेत. १९६० साली त्या राज्याने उच्च शिक्षणाची एक बृहद् योजना आखली आणि तीन पायऱ्या ठरविल्या. सर्वांत वर संशोधनप्रधान कॅलिफोर्निया विद्यापीठ, मध्ये अध्यापनप्रधान राज्य विद्यापीठ आणि पायाशी सर्वांना खुली असलेली ही महाविद्यालये. पायथ्याच्या पायरीवर दोन वर्षे शिकून वरच्या पायरीवर तिसऱ्या वर्षात जाता यावे, हा त्या योजनेचा प्राण होता. व्यवहारात मात्र येथे शिकलेले विषय तेथे मान्य होत नसत आणि विद्यार्थ्यांची वर्षे वाया जात. म्हणून २०१० मध्ये कायदा झाला. ठरलेल्या साच्यातील साठ युनिटची पदवी पूर्ण करणाऱ्यास राज्य विद्यापीठाच्या कोणत्या तरी एका केंद्रात प्रवेशाची हमी मिळाली. उरलेल्या साठ युनिटांत पदवी पूर्ण व्हावी, अशीही तरतूद झाली. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग होते आणि शिल्लक जशीच्या तशी राहते.

आता ही शिल्लक कशाने बनते ते पाहू. आहारशास्त्र म्हणजे पाककृती व पथ्याचे तक्ते, अशी आपल्याकडे समजूत आहे. नातीच्या टेबलावरील पुस्तकांनी ती दूर होईल. पोषणविज्ञान, प्रयोगांसह रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि अन्नतत्त्वांचा प्रयोगासहित अभ्यास, असा हा भार आहे. वैद्यकीय परिचारिका होऊ इच्छिणारे विद्यार्थीही यांतील अनेक वर्गांत शेजारी बसतात आणि गुणांची स्पर्धा करतात.

ही वाट तिने का धरली, हे सांगितले पाहिजे. तिच्या आजोळच्या आजींना मूत्रपिंडाचा विकार आहे आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते. डायलिसिसवरील रुग्णाला प्रथिने अधिक लागतात, पण पोटॅशियम व फॉस्फरस आवरावे लागते. तेथील एका रुग्णालयातून त्यांना जो आहारतक्ता मिळाला, त्यात अंड्याचा पांढरा भाग, कोंबडी आणि मासे यांखेरीज प्रथिनांचा मार्गच दाखविलेला नव्हता. डाळींवर तर सरसकट फुली होती. जन्मभर सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या त्या माउलीने तक्ता घडी करून ठेवला आणि खाणेच कमी केले. काही महिन्यांत त्यांचे वजन झपाट्याने उतरले. वास्तविक डाळी-कडधान्यांतील फॉस्फरसचा काही अंश शरीरात शोषला जात नाही. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकल्यास पोटॅशियमही बरेच कमी होते. डाळीचे प्रमाण, पनीर, टोफू यांचा मेळ रक्ततपासणीच्या आकड्यांवरून जाणकार बसवू शकतो. पुढे एका दुसऱ्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो बसवूनही दिला आणि आजी सावरल्या. “आजोबा, त्यांना आपले जेवण ठाऊक होते म्हणून आजी वाचल्या,” एवढेच नात मला म्हणाली. तिचा निर्णय तेथे झाला होता.

घरात मात्र तो सहज पचला नाही. इतरांच्या मुली नामांकित विद्यापीठांत गेल्या, आपली मुलगी गल्लीतल्या महाविद्यालयात का, असा प्रश्न नातलगांनी विचारला. सूनबाईंची चिंता वेगळी होती. अन्नाच्या प्रयोगशाळेत अंडी, मांस हाताळावे लागले तर काय? दोन्ही प्रश्न खरे होते, म्हणून दोन्हींची उत्तरे शोधणे भाग होते.

पहिल्याचे उत्तर आकड्यांत आहे. राज्यातील रहिवाशाला कम्युनिटी महाविद्यालयात एका युनिटला ४६ डॉलर शुल्क पडते. साठ युनिटांचे झाले २,७६० डॉलर. राज्य विद्यापीठाचे मूळ शुल्क २०२४-२५ या एका वर्षाचे ६,०८४ डॉलर होते, म्हणजे दोन वर्षांचे १२,१६८. पुस्तके, विमा, परिसराचे इतर शुल्क वेगळे. प्रथमच पूर्णवेळ शिकणाऱ्यांना अनेक महाविद्यालये दोन वर्षांचे शुल्क माफही करतात. घरी राहिल्याने वसतिगृहाचा खर्च वाचतो, तो तर शुल्काहून मोठा. शेवटी हाती पडणारी पदवी राज्य विद्यापीठाचीच असते. शैक्षणिक कर्जाची प्रकरणे हाताळण्यात माझी नोकरी गेली. मुद्दल कमी ठेवून तीच मालमत्ता मिळत असेल, तर कोणता व्यापारी ती नाकारील?

दुसऱ्याचे उत्तर नातीने स्वतः मिळविले. अन्नतत्त्वांच्या वर्गात कस्टर्ड का घट्ट होते, मांस शिजताना मऊ का होते, जिलेटिन कसे गोठते, हे सारे प्रयोगाने शिकवितात. सत्र सुरू होण्यापूर्वीच तिने शिक्षिकेला भेटून आपली मर्यादा स्पष्ट सांगितली. चौघांच्या गटात तिच्याकडे पिष्ट, डाळी व भाज्यांचे प्रयोग आले. अंड्यामांसाच्या दिवशी तापमान, वेळ व बदल यांची नोंद तिने ठेवावी, चव घेऊ नये, असे ठरले. परीक्षेत त्या भागाचे प्रश्न तिला इतरांइतकेच सोडवावे लागले. सूनबाईंचे समाधान पूर्ण झाले असे मी म्हणणार नाही. सत्र संपेपर्यंत त्या अस्वस्थ होत्या. पण या अभ्यासाचा लाभ घरालाच झाला. कोणत्या चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते, कोणत्या मिठाईत जिलेटिन आणि कोठे त्याऐवजी समुद्रशेवाळापासूनचे अगर, हे ती आता वेष्टन वाचून सांगते.

या व्यवसायाचा इतिहासही आपल्याला परका नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांची संघटना १९१७ मध्ये क्लीव्हलँड येथे स्थापन झाली. तिच्या संस्थापिकांपैकी लेना कूपर या बॅटल क्रीक येथील जॉन हार्वी केलॉग यांच्या शाकाहारी आरोग्यधामात घडलेल्या होत्या. त्यांनी शाकाहारी पाककृतींचा ग्रंथही लिहिला. सुनियोजित शाकाहार आरोग्यास योग्य आहे, असे त्या संघटनेने अधिकृतपणे म्हटलेले आहे. यातील ‘सुनियोजित’ हा शब्द महत्त्वाचा. बी-१२ जीवनसत्त्व, लोह, प्रथिने यांचा हिशेब न ठेवता केवळ शाकाहारी असणे पुरेसे नाही. आयंबिलात तेल, तूप, दूध, साखर वर्ज्य असते. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्याने ते किंवा चौविहार करताना औषधाची वेळ कशी सांभाळावी, हे डॉक्टरांना समजावणारा जाणकार समाजात असणे, ही चैन नव्हे, गरज आहे.

एका शनिवारी आम्ही वीसेक मैलांवरील लाँग बीच येथील राज्य विद्यापीठही पाहून आलो. क्रीडागृहाचा निळा पिरॅमिड दुरूनच दिसतो. आहारशास्त्राचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम तेथे आहे आणि नातीची इच्छा तेथेच जाण्याची आहे. परंतु कायद्याची हमी ‘कोणत्या तरी’ केंद्राची आहे, मनपसंत केंद्राची नव्हे. मागणी असलेल्या ठिकाणी गुणच बोलतात. पदवीनेही प्रवास संपत नाही. १ जानेवारी २०२४ पासून नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेस बसण्यासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे. शिवाय किमान एक हजार तासांचे प्रत्यक्ष काम देखरेखीखाली करावे लागते. म्हणजे दोन अधिक दोन नव्हे, तर सहा वर्षांचा विचार हवा. पहिल्या दोन वर्षांत वाचलेला पैसा शेवटच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवावा, असा सल्ला मी चिरंजीवांना दिला आणि त्यांनी तो मानला.

आपल्यापैकी कोणाची मुले तेथे स्थायिक असतील, तर त्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. या महाविद्यालयांत शिरणारे सारेच पुढे जात नाहीत. रसायनशास्त्राचा एक वर्ग चुकला की पुढची साखळी खोळंबते, म्हणून पहिल्याच महिन्यात समुपदेशकाकडे बसून दोन वर्षांचा तक्ता लिहून घ्यावा. कोणता विषय कोठे मान्य आहे, हे राज्याच्या ‘असिस्ट’ या सार्वजनिक सूचीत पाहता येते. मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नये. विद्यापीठाचा अर्ज साधारण वर्षभर आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरावा लागतो. येथून विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्यांना मात्र रहिवाशाचे शुल्क लागू होत नाही. त्यांना कित्येक पटींनी अधिक भरावे लागते. त्यांनी माझे वरील आकडे आपले समजू नयेत.

मी परतलो तेव्हा तिच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या परीक्षेस आठ दिवस उरले होते. लाँग बीचचे उत्तर वसंतात येईल. ते होकारार्थी आले तर उत्तमच; नाही आले तर पोमोना किंवा लॉस एंजेलिस येथील केंद्रांचे अर्जही तिने भरून ठेवले आहेत. पेढी चालविणाऱ्या घरातली मुलगी एकाच गिऱ्हाइकावर दुकान ठेवत नाही.