हे हिशेबात कुठं लिहू?

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात एक स्टीलचा तीन पुडांचा डबा आहे. झाकणावर नाव कोरलेलं आहे, पण ते आमच्या घरातलं नाही. सून परवा म्हणाली, "अत्ते, हा कुणाचा हो? टाकून देऊ की काय?" मी म्हटलं, "हात लावू नकोस त्याला. तो ग्वाल्हेरचा आहे." मग तिला सगळं सांगत बसले. तेच तुम्हालाही सांगते.

मी बँकेत होते. बढती घेतली की बदली आलीच. २०११ मध्ये मला ग्वाल्हेर मिळालं. बेळगावच्या बाईला ग्वाल्हेर म्हणजे दुसरं टोकच! घरात मुलगा बारावीला, आई आजारी. पण गेले. तिथं गेल्यावर कळलं, आपण वाटतो तेवढे लांब आलेलो नाही. लष्कर भागात फिरताना पाट्यांवर आपलीच आडनावं दिसतात. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली म्हणून त्या वस्तीचं नावच लष्कर. तिथली मराठी माणसं हिंदी मिसळून मराठी बोलतात. "जल्दी या", "सब्जी चिरून ठेवली" असं चालतं. आपण नाही का "ये की", "बस की" करत कानडीच्या चालीवर मराठी बोलतो? त्यामुळे मला हसू आलं नाही, उलट घरी आल्यासारखं वाटलं. आणखी एक सोय होती, ती म्हणजे गोवा एक्स्प्रेस. बेळगावला बसायचं आणि थेट ग्वाल्हेरला उतरायचं, मध्ये कुठं गाडी बदलायला नको.

शाखेत हेड कॅशियर एक बाई होत्या, तिथल्याच मराठी घराण्यातल्या. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, पण पदानं मी वर. मी त्यांना ताई म्हणायची, त्या मला मॅडम. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. दोघी मिळून उघडायचं, दोघी मिळून बंद करायचं. बोलणं कामापुरतंच. हिशेबाला इतक्या काटेकोर की एक रुपयाची चूक निघाली तरी सापडेपर्यंत जागच्या उठायच्या नाहीत.

डिसेंबर २०१२. दुपारी दीडच्या सुमारास घरून फोन आला, आईचं बरं नाही, लगेच निघ. माझ्या हाताला कापरं भरलं. रजेचं एक वेळ होईल, पण किल्लीचं काय? किल्ली रजिस्टरवर सही करून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवल्याशिवाय जागा सोडता येत नाही, आणि ज्यांना सोपवायची ते साहेब त्या दिवशी रजेवर, मुरारला घरी. फोन उचलेनात. ताई काही बोलल्या नाहीत. आपला काउंटर बंद केला, रोकड मोजून ठेवली, स्कूटी काढली आणि त्या थंडीत मुरारला जाऊन साहेबांना घेऊनच आल्या. किल्लीच्या सह्या झाल्या. मी घरी जाऊन कपडे कोंबेपर्यंत त्या स्टेशनवर हजर. साधं तिकीट काढून ठेवलेलं, टीटीईला गाठून बसायची जागाही मागितलेली. गाडी हलताना खिडकीतून हा डबा आत आला. "पराठे आहेत. मॅडम, खाऊन घ्या. उपाशी राहून काही होत नाही."

दुसरी रात्र उलटताना मी बेळगावला पोचले. आईचं माहेर गदगकडचं. वडील आमच्याशी मराठीत बोलायचे, ती कानडीत. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "बंद्या, मगळ?" त्यानंतर ती दोन दिवस होती. ते दोन दिवस मला मिळाले. एक गाडी चुकली असती, तर त्यातला किती वाटा उरला असता ते मी अजून मनात मोजते.

ग्वाल्हेरला परतले तेव्हा डोक्यात एकच होतं, ताईंना काहीतरी द्यायचं. काय द्यायचं? ऑफिसातल्या भेटी तुम्हाला ठाऊकच आहेत. एक यादी फिरते, प्रत्येकी शंभर रुपये, मग भिंतीवरचं घड्याळ, नाहीतर डिनर सेट. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या घरी अशी चार घड्याळं निघतात, त्यातली तीन बंद. मला तसलं नको होतं. आधी इरकल साडी मनात आली, पण त्यांना रंग कुठला चालेल ते विचारायचा धीर झाला नाही. धारवाडी पेढे नेले होते, ते सगळ्या शाखेत वाटले. (गंमत म्हणजे हा पेढा मूळचा उत्तरेकडचाच. उन्नावहून धारवाडला आलेल्या ठाकूर घराण्यानं तो आपल्याकडे रुजवला. म्हणजे मी उत्तरेचंच उत्तरेला नेऊन दिलं!)

शेवटी सराफ्यात जाऊन चांदीचा पेला घेतला, चांगला वजनदार. आणि चूक अशी केली की तो शाखेत, चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत दिला. वर दोन शब्दही बोलले. टाळ्या झाल्या. ताईंचा चेहरा उतरला. संध्याकाळी स्ट्राँगरूम बंद करताना त्यांनी तो डबीसकट माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "मॅडम, हे मी हिशेबात कुठं लिहू?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू! एवढ्या प्रेमानं दिलं आणि परत करतात म्हणजे काय? खोलीवर येऊन विचार करत बसले, तेव्हा हळूहळू उमगलं. मी वरच्या पदावरची. मी भरसभेत चांदी दिली की ते बक्षीस होतं. बक्षीस कामाचं देतात. त्या मुरारला गेल्या ते काम म्हणून नव्हे. शिवाय माझ्याही मनात कुठंतरी फिटंफाट करायचीच घाई होती. ते त्यांना माझ्या आधी दिसलं. कॅशियर ना!

पेल्याचा विषय दोघींनीही पुन्हा काढला नाही. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. गजक, आमटी-भात, गप्पा. खोलीच्या कोपऱ्यात खोळ घातलेला तंबोरा उभा होता. विचारलं तर म्हणाल्या, "माझाच. माधव संगीत महाविद्यालयात शिकत होते, तेव्हा बाबांनी मिरजेहून आणवला." खोळ काढून दाखवला. एक तार तुटलेली, घोडी झिजलेली, भोपळ्याला बारीक चीर. एकदा दुरुस्तीला दिला होता, पण पहिला आवाज काही आला नाही. मग संसार, नोकरी, यजमानांचं आजारपण. गाणं बंद पडून चौदा वर्षं झाली होती.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण मिरज कळते की! बेळगावला जाताना गाडी मिरजेवरूनच जाते. मी म्हटलं, "ताई, उन्हाळ्यात मी घरी जाणार आहे. हा माझ्याबरोबर पाठवाल?" त्या नुसत्या हसल्या. त्यांचं "हो" यायला दोन महिने लागले. आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवणं, तीही अशी, सोपं नसतं.

तंबोरा घेऊन रेल्वेनं प्रवास केलाय कधी? करू नका. दोन गोधड्यांत गुंडाळून तो बर्थवर झोपवला आणि मी रात्रभर पायथ्याशी बसून राहिले. एका सहप्रवाशानं विचारलं, "पेशंट आहे का?"

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इथं तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. कारागिरानं तंबोरा उलटासुलटा केला, बोटानं भोपळा वाजवला आणि माझ्याशी कानडीत, मुलाशी उर्दूत, फोनवर मराठीत बोलत सांगितलं, चीर बुजवू, तारा नव्या घालू, घोडी घासून जवारी काढू. घोडीच्या पाठीला असा बारीक उतार द्यायचा की तार तिला निसटती शिवत राहते, आणि खाली सुताचा धागा सरकवत नेला की एका जागी आवाज एकदम खुलतो. कामाला आठवडा लागेल म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बाईंची पट्टी कुठली?"

मला काय ठाऊक! तिथूनच ताईंना फोन लावला. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "काळी पाच होती. आता नाही चढायचा आवाज. थांबा हं." आणि फोनवर त्यांनी सा लावला. आधी घोगरा, मग दुसऱ्यांदा जरा सरळ. मी फोन कारागिराच्या कानाला लावला. तो डोळे मिटून ऐकत होता. "काळी चार," तो म्हणाला. फोन परत घेतला तेव्हा पलीकडे सा अजून चालूच होता.

पुढं कुणीतरी सांगितलं, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ती गायकी घेऊन आपल्याकडे आले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले तेही मिरजेतच. म्हणजे या रस्त्यानं गाणं आधीच येऊन गेलं होतं. मी आपली हमाल.

ग्वाल्हेरला तंबोरा पोचवला त्या संध्याकाळी ताईंनी आधी बिल मागितलं. एक हजार आठशे पन्नास रुपये. मोजून माझ्या हातात ठेवले, दोनदा मोजून. मी घेतले. या वेळी वाद घातला नाही. मग त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले. पंधरा मिनिटं नुसतं जुळवणंच चाललं होतं. त्या काय गायल्या ते मला सांगता येणार नाही. मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं, तू चहा घेतलास का?" मॅडम नाही, तुम्ही नाही.

२०१४ मध्ये मी बेळगावला परत आले. २०२३ मध्ये युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला, तेव्हा फोन केला तर म्हणाल्या, "आता इकडे बेसूर व्हायची चोरी!" सकाळी अर्धा तास बसतात अजून.

आणि डबा? आपल्याकडे रिकामा डबा परत द्यायचा नसतो. त्यात काय घालून पाठवावं हे अजून ठरत नाहीये. सून म्हणते करदंट घाला, मुलगा म्हणतो कुंदा. कुंदा एवढ्या प्रवासात टिकेल का, हाच प्रश्न आहे.