नागमोडी रेघ

अंबाजोगाईस वाढलेल्या मुलाला अक्षराविषयी आदर वेगळा शिकवावा लागत नाही. मुकुंदराजांची समाधी ज्या गावाच्या डोंगरकपारीत आहे आणि दासोपंतांनी लांबलचक कापडी पासोडीवर पंचीकरण ज्या गावात लिहून काढले, त्या गावात लिहिलेल्या कागदावर चुकून पाय पडला तर लहान मूलही आपणहून वाकून नमस्कार करते. परंतु अक्षर पूज्य आहे हे कळणे निराळे, आणि ते अक्षर कोणाचे हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर आहे हे कळणे निराळे. ही दुसरी गोष्ट, बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन मी पुण्यास कला शाखेच्या प्रथम वर्षात दाखल झालो तोपर्यंत, मला कोणीही सांगितलेली नव्हती. शाळेत निबंध म्हणजे गाईडातला निबंध. तो जितका जसाच्या तसा उतरेल तितके गुण अधिक, आणि फळ्यावरून उतरवून घेतलेल्या उत्तरात विद्यार्थ्याने स्वतःचे एखादे वाक्य घातलेच तर त्याखाली लाल शाई. यात शिक्षकांचा काही दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. वर्ग मोठा, मुदत थोडी आणि बोर्डाची परीक्षा डोक्यावर, अशा स्थितीत पाठांतराचाच मार्ग त्यांना सुरक्षित वाटला असेल; पण बारा वर्षे ज्या गोष्टीबद्दल पाठीवर थाप मिळते तीच गोष्ट तेराव्या वर्षी अपराध ठरते, आणि हा पालट का झाला याचा खुलासा करण्यास मधल्या उन्हाळ्यात कोणी भेटत नाही, ही आपल्या शिक्षणक्रमातील मोठी उणीव आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागतांसाठी २०१९ साली जो परिचयवर्ग सुचविला आणि ज्यास 'दीक्षारंभ' असे नाव दिले, तो आमच्या महाविद्यालयातही झाला. सभागृहात एका अधिकाऱ्यांनी हजेरीचे नियम, ओळखपत्र, रॅगिंगविरोधी हमीपत्र, परीक्षेतील गैरप्रकार यांची यादी वाचून दाखविली आणि त्याच ओघात वाङ्मयचौर्यासंबंधीचे २०१८ चे विनियमही सांगितले: पदव्युत्तर प्रबंधिका व संशोधनप्रबंध यांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा नाही, दहा ते चाळीसपर्यंत दुरुस्त मसुदा ठरावीक मुदतीत सादर करावा लागतो, चाळीस ते साठपर्यंत वर्षभर सादर करण्यास मनाई, आणि साठाच्या वर नोंदणीच रद्द. सभागृहातून बाहेर पडताना मुलांच्या तोंडी एकच गोष्ट होती, की शंभरात दहा चालते. पुढे आमच्या बाईंनी हा समज वर्गात खोडून काढला. संगणक मोजतो ते शब्दांचे साम्य. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, सर्वांस ठाऊक असलेल्या गोष्टी हे सारे त्यातून वगळण्याची तरतूद त्याच विनियमांत आहे, आणि ज्याचे श्रेय दिले नाही असे एक वाक्यही साम्याच्या टक्केवारीत बसते म्हणून प्रामाणिक ठरत नाही, असे त्या म्हणाल्या. "तुम्हांला चोरीची मुभा दहा टक्के दिलेली नाही. यंत्राच्या चुकीला जागा ठेवली आहे."

बाई मराठी शिकवीत, प्रथम वर्षाच्या मुलांनाही 'तुम्ही' म्हणत, आणि अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रत्येकाने आपल्या मुलखाशी संबंध असलेला विषय घ्यावा असा त्यांचा आग्रह असे. मी एकनाथांनी केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण हा विषय मागितला. त्यांनी तो मंजूर केला आणि सांगितले, "ग्रंथालयात जा. पुस्तकाचे नाव सांगू नका, ग्रंथपालांना विषय सांगा." त्या वेळी या दोहोंत काय भेद आहे हे मला उमगले नाही. आमच्या गावच्या वाचनालयात आपण नाव सांगावे आणि त्यांनी पुस्तक काढून द्यावे, असाच शिरस्ता होता. आपली अडचणच एखाद्या जाणत्या माणसापुढे ठेवावी आणि त्याने ती आपली मानावी, यासाठी पगार देऊन माणसे नेमलेली असतात, हे मला पुण्यात कळले.

ग्रंथपालांनी देवघेवीच्या खिडकीतून मला आत बोलावले, संदर्भ विभागातल्या मामांना मराठी विश्वकोशाचा एक खंड काढून आणण्यास सांगितले, आणि माझ्या विषयाची नोंद वाचण्याआधी तिचा शेवट वाचण्यास लावला. तेथे लेखकाचे नाव होते आणि खाली संदर्भांची यादी होती. "ज्ञानाच्या कोशालाही आपला हवाला द्यावा लागतो," असे म्हणून त्यांनी त्या यादीतली कोणती पुस्तके आपल्याकडे आहेत, कोणती दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतील, कोणती नियतकालिके एन-लिस्टच्या सदस्यत्वावर वसतिगृहात बसून वाचता येतील, हे एका कागदावर लिहून दिले. पुस्तक पेढीतून वर्षभरासाठी क्रमिक पुस्तके मिळतात, अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी असते, संदर्भ कसे लिहावेत हे त्यांचे सहायक दर आठवड्यास शिकवतात, या साऱ्या सोयी सूचनाफलकावर लावलेल्या होत्या. पण फलकावरची सूचना आणि माणसाने नाव विचारून दिलेले आमंत्रण यांत फार अंतर असते.

त्यानंतर त्यांनी जे दाखविले त्यानेच माझा विषय मला खऱ्या अर्थाने समजला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतील आदिपर्वाचा जाड खंड त्यांनी मेजावर उघडून ठेवला. पानाच्या वरच्या भागात मोठ्या टाइपात श्लोक. त्याखाली बारीक टाइपात पाठभेद, म्हणजे काश्मीरकडच्या शारदा लिपीतील पोथी काय म्हणते, बंगाली पोथ्या काय म्हणतात, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपीतील पोथ्यांत कोणता शब्द आहे, कोठे कोणत्या ओळी अधिक आहेत, त्याची सांकेतिक अक्षरांनी केलेली बारकाईची नोंद. काही पानांवर खालच्या भागाने वरच्या श्लोकांना अगदी थोडी जागा ठेवली होती. आणि वरच्या श्लोकांतही काही शब्दांखाली एक नागमोडी रेघ होती. ती कशासाठी, असे मी विचारले. "हा शब्द संपादकांनी निवडला आहे, पण त्याची त्यांना पुरती खात्री नाही. खात्री नाही हे वाचकाला कळावे म्हणून ही रेघ," असे ग्रंथपाल म्हणाले.

मी त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिलो. १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पुरे झालेले हे कार्य. १९२५ पासून त्याचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ मध्ये, काम अपुरे असताना, निवर्तले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. एवढा खटाटोप केल्यावर, एवढा अधिकार हाती आल्यावर, 'येथे माझी खात्री नाही' असे छापील पानावर लिहून ठेवण्याची ज्यांना लाज वाटली नाही, त्यांच्या विद्वत्तेविषयी माझ्या मनात जो विश्वास उत्पन्न झाला तो कोणत्याही उपाधीने झाला नसता. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा, जी आमच्या घरी गणेशोत्सवात दरवर्षी सांगितली जाते, ती या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही. ती परिशिष्टात आहे. ती टाकून दिलेली नाही, दडवलेली नाही, कोणकोणत्या पोथ्यांत आढळते याच्या नोंदीसह जपून ठेवली आहे. आपल्याला प्रिय असलेली गोष्टसुद्धा पुरावा नसेल तर तिच्या योग्य जागी ठेवावी, आणि ठेवल्याचे सर्वांस सांगावे, हा संस्कार मला त्या पानाने दिला.

मग एकनाथांकडे वळलो तेव्हा निराळ्याच दृष्टीने वळलो. पैठणच्या या पुरुषाने शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या प्रती तपासून पाठ शुद्ध केला. मूळ ग्रंथ शुद्धच आहे, हातोहात नकला होताना तो बिघडला आहे, असे त्यांनी अखेरीस नमूद केले, केलेल्या कामाचा शक लिहून ठेवला, आणि पुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत अशी ताकीद दिली. स्वतः एवढा मोठा कवी, भावार्थरामायणासारखा ग्रंथ लिहिणारा, दुसऱ्याच्या ग्रंथात आपले एक अक्षर मिसळू नये म्हणून इतका जागरूक राहतो! खुद्द ज्ञानेश्वरांनीही आपण भाष्यकारांना वाट विचारीत आलो असे ग्रंथाच्या शेवटी सांगितलेले आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव येते; कीर्तनकार तो शेकडो वर्षे गात आला, पण ते नाव बदलून आपले घालणे त्याला कधी सुचले नाही. श्रेय देणे हा आपल्याकडे बाहेरून आलेला नियम आहे, आणि पाठांतराची परंपरा असलेल्या समाजाला तो परका वाटणारच, असा युक्तिवाद मी पुढे अनेकांच्या तोंडून ऐकला. तो मला मुळीच मान्य नाही. पाठांतर करणाऱ्या आमच्या पूर्वजांना कोणाचे काय हे नीट ठाऊक होते. ते विसरायला लावले गाईडांनी. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची प्रत आणि एकनाथी परंपरेतली प्रत मी शेजारी शेजारी ठेवून एका अध्यायापुरते भेद टिपले. माझा निष्कर्ष अगदी लहान होता. ज्या ठिकाणी मला निवाडा करता आला नाही तेथे मी तसे लिहिले, आणि बाईंनी नेमक्या त्याच वाक्यांच्या समासात 'योग्य' असा शेरा दिला.

परंतु या विषयाचे दुसरे अंग मला माझ्या खोलीसोबत्यामुळे दिसले, आणि ते सांगितल्याशिवाय हे कथन पुरे होणार नाही. तो धडगावकडचा, नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यातला. घरची भाषा पावरी. मराठी तो आश्रमशाळेत शिकला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाच्या 'कमवा व शिका' योजनेत तो सकाळी बागेचे काम करी, दुपारी तासांना बसे आणि रात्री थकून जाई. त्याने आपल्या भागातील होळी हा विषय घेतला होता. सादर करण्याच्या आदल्या रात्री त्याने इंग्रजीतला एक लेख शोधून यंत्राकडून मराठीत उतरवून घेतला आणि दिला. पुढे जे घडले ते त्याने मला सांगितले आणि लिहिण्याची परवानगीही दिली. बाईंनी त्याला बोलावले, साम्याचा कोणताही तक्ता पुढे केला नाही, मसुद्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, "येथे तुम्ही 'ते लोक' असे लिहिले आहे. ते लोक म्हणजे कोण?"

तो काही बोलू शकला नाही. बाईंनी त्यास बसवून घेतले आणि तुमच्या घरी होळीस काय करतात ते सांगा, म्हणाल्या. तेव्हा बावा-बुध्याचा वेष घेणाऱ्यांना कोणकोणते नियम पाळावे लागतात, होळीसाठी दांडा कसा आणतात, ढोल कोण वाजवतो, आजोबा कोणत्या गोष्टी सांगतात, हे सारे तो अर्धे मराठीत आणि अर्धे पावरीत सांगत गेला. बाईंनी ते लिहून घेतले नाही. पहिल्या मसुद्यास गुण मिळणार नाहीत, परक्याचे लेखन आपले म्हणून देणे हा अपराध आहे आणि भाषा बदलल्याने तो कमी होत नाही, हे त्यांनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितले, आणि मग नव्या मसुद्यासाठी मुदत देऊन म्हणाल्या, "आजोबांनी सांगितले ते आजोबांच्या नावाने लिहा. त्यांना विचारून लिहा. गाव लिहा, कोणत्या दिवशी सांगितले ते लिहा. छापील पुस्तकाला जो मान, तोच त्यांना."

पंधरवड्याने त्याने जो निबंध दिला त्यात संदर्भसूचीच्या पहिल्या ओळीत त्याच्या आजोबांचे नाव होते.

त्याने चूक का केली, हे मी त्याला विचारले नाही. त्यानेच एका रात्री सांगितले. आपली मराठी अशुद्ध आहे, ती ग्रंथपालांसमोर बोलावी कशी. अभ्यासिका रात्री उघडी असते ती आपल्यासारख्यांसाठी आहे की वरच्या वर्गांसाठी. मुदत वाढवून मागणे म्हणजे अर्ज करणे आणि अर्ज म्हणजे आपले दारिद्र्य लिहून देणे, अशा शंकांनी त्याची वाट अडवली होती. हाताशी सारी साधने असून आळसाने नक्कल करणारी मुलेही माझ्या वर्गात आहेत आणि त्यांच्याविषयी मला सहानुभूती नाही. पण ज्याला विचारण्याचे दार कोठे आहे हेच माहीत नाही त्याला नियमावली वाचून दाखवून सोडून देणे हा न्याय नव्हे, असे मला मनापासून वाटते. महाविद्यालयातील मदतीची ओळख आणि प्रामाणिकपणाची शिकवण या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच माणसाच्या तोंडून नवागताला मिळाल्या पाहिजेत.

आता तर पूर्ण निबंध लिहून देणारी यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आहेत. त्यांचा उपयोग कोठे केला हे स्पष्ट लिहा आणि जे विधान तुम्ही स्वतः तपासले नाही ते आपल्या नावावर घालू नका, एवढाच नियम बाईंनी आमच्या वर्गापुरता केला आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो.

यंदाच्या दीक्षारंभापूर्वी आम्ही काही विद्यार्थ्यांनी प्राचार्यांकडे अर्ज केला, की नव्या मुलांना सभागृहातल्या भाषणानंतर लहान लहान गटांनी संदर्भ विभागात न्यावे, विश्वकोशाची एक नोंद आणि महाभारताचे ते पान दाखवावे, ग्रंथपालांशी, समुपदेशकांशी आणि 'कमवा व शिका'च्या प्रमुखांशी समक्ष गाठ घालून द्यावी, आणि हे काम द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांवर सोपवावे. प्राचार्यांनी त्यास मंजुरी दिली. नंदुरबारकडून आलेल्या मुलांचा गट माझ्या खोलीसोबत्याने घेतला आणि तो त्यांच्याशी पावरीत बोलला. लेखनाच्या मार्गदर्शनासाठी ग्रंथालयात एक पूर्णवेळ माणूस नेमावा, ही अर्जातील दुसरी मागणी मात्र निधीअभावी तहकूब ठेवण्यात आली आहे. ती आम्ही पुढच्या सत्रात पुन्हा करणार आहोत.