विम्याचा हप्ता कापला, मग दावा कोणी करायचा?

वरवट बकालमध्ये राहून कर्जाचे कागद मी बरेच वाचले आहेत: पीक कर्जाचे, ट्रॅक्टरचे, बायांच्या गटाचे. त्यांत एक ओळ हमखास सापडते. कर्ज मंजूर झाले एवढे, हातात पडले तेवढे, आणि मधल्या फरकात प्रक्रिया शुल्काच्या शेजारी कर्जदाराच्या जिवाचा विमा. कर्जदार दगावला तर उरलेले कर्ज विम्यातून फिटावे, घरच्यांच्या डोक्यावर राहू नये, एवढाच त्या विम्याचा अर्थ. तरीही तेरवीनंतर वसुलीचा माणूस दारात येतो, हप्ता मागतो, आणि विम्याचे नाव तोही काढत नाही, घरचेही काढत नाहीत. घरच्यांना विमा होता हेच माहीत नसते. माझे म्हणणे साधे आहे. ज्याने विम्याचे पैसे कापले, दावा लावण्याची जबाबदारी त्याचीच. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत विम्यात बसणाऱ्या रकमेची वसुली घरच्यांकडून होऊ नये.

हा विमा बहुतेक वेळा सामूहिक असतो. मूळ पॉलिसी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नावावर असते, कर्जदार तिचा एक सभासद. त्याला विम्याचे प्रमाणपत्र मिळायला हवे. ते बऱ्याचदा शाखेच्या फाइलमध्येच राहते. हप्ता एकरकमी कापला जातो आणि कर्जात मिळवला जातो, म्हणजे कर्जदार विम्याच्या हप्त्यावरही व्याज भरतो. दावा मंजूर झाला की थकबाकीपुरती रक्कम संस्थेकडे जाते, आणि विमा रक्कम त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम वारसदाराची. ही वरची रक्कम आपली आहे, हे मला भेटलेल्या फार थोड्या घरांना ठाऊक होते. कर्ज मुदतीआधी फेडले तर उरलेल्या काळाचे संरक्षण चालू ठेवता येते किंवा अटींनुसार हप्त्याचा काही भाग परत मागता येतो. तेही कोणी मागत नाही, कारण सांगणाऱ्याला त्यात काही मिळायचे नसते. आपल्या भागात हे वाढायला आणखी एक कारण झाले. 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा, नागपूर आणि वर्धा या जिल्हा सहकारी बँकांवर निर्बंध घातले. सोसायटीच्या कर्जाची वाट अरुंद झाली आणि गावोगाव फायनान्सवाल्यांना रान मोकळे मिळाले.

जबाबदारी संस्थेची का, याला आधार आहे. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 च्या खरिपात आली तेव्हा पीक कर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. 2020 च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. सक्तीच्या काळात बँक कर्जातूनच हप्ता कापत असे. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की बँकेच्या चुकीने शेतकरी लाभाला मुकला तर नुकसान बँकेने भरायचे. म्हणजे कापणाऱ्याचे कर्तव्य कापण्यापाशी संपत नाही, हे सरकारने पिकासाठी मान्य केले आहे. पिकाला जे लागू, ते माणसाच्या जिवाला का नसावे? दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा. कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या 2020 च्या निकालात प्रश्न असा होता की शीतगृहात माल ठेवून त्यावर कर्ज घेतलेल्या शेतकऱ्यांचा, आगीनंतर, शीतगृहाच्या विम्यावर हक्क आहे का. विमा कंपनी म्हणे, आमचा करार तुमच्याशी नाही. न्यायालयाने शेतकऱ्यांना लाभार्थी आणि म्हणून ग्राहक मानले. तिसरा आधार जुनाच आहे, 1872 च्या करार कायद्याचे कलम 141. कर्ज देणाऱ्याने आपल्या हातातले तारण जामीनदाराच्या संमतीवाचून गमावले, तर त्या तारणाच्या किमतीएवढा जामीनदार सुटतो. कर्जफेडीसाठीच काढलेला विमा दावा न लावता हातचा घालवणे हे तारण गमावण्यासारखेच आहे, असे मी धरतो. या विम्याबाबत कोर्टाने तसेच धरावे, यासाठी भांडायला जागा नक्की आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की मृत्यूची खबर घरच्यांनीच द्यायला हवी, संस्थेला स्वप्न पडत नाही. खरे आहे. पण गटाचा हप्ता ठरल्या वारी गोळा होतो आणि कोण गेले ते वसुली करणाऱ्याला त्याच आठवड्यात कळते. त्याला कळले म्हणजे संस्थेला कळले. तत्काळ कळवले नाही म्हणून हक्कच बुडाला, हेही न्यायालयाने सरसकट मानलेले नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 2020 च्या खरिपातील पीक नुकसानीला विमा कंपनीने 72 तासांत कळवण्याची अट पुढे केली होती. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने आदेश दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कर्जदाराने आजार लपवला असेल तर? विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर असा आक्षेप घेता येत नाही, पण गटाची कर्जे त्याआधीच संपतात, म्हणून या कलमाचा आपल्याला फारसा उपयोग नाही. प्रश्न वेगळा विचारावा लागतो. आरोग्याचा रकाना कोणी भरला? कर्जाचा माणूसच फॉर्म भरतो, बीपी-शुगरबद्दल न विचारता 'नाही' वर खूण करतो आणि अंगठा किंवा सही घेतो, हे तालुक्यात उघड गुपित आहे. अशा लपवण्याचा दोष मेलेल्या माणसावर टाकता येत नाही. तरीही ज्याने जाणूनबुजून खोटे सांगितले त्याचा दावा फेटाळला जाईल आणि ते कर्ज वारसांना, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, भरावे लागेल; माझा युक्तिवाद त्याला वाचवत नाही. विम्याच्या नावाखाली लोक हप्ते बुडवतील, ही भीती मात्र मला पटत नाही. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत देते, तो कोणी हौसेने काढत नाही.

इंग्लंडमध्ये अशाच कर्ज-विम्याची चुकीची विक्री एवढी झाली की ऑगस्ट 2019 च्या अंतिम मुदतीपर्यंत आलेल्या तक्रारींपोटी बँकांना 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. आपल्याकडे नियम उशिरा आले, पण आले. सूक्ष्म कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार विम्यासारखी जोडवस्तू कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच देता येते आणि तिचे शुल्क लोन कार्डवर लिहावे लागते. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जाच्या मुख्य तथ्य विवरणात विम्याचा खर्चही वार्षिक दरात धरून दाखवावा लागतो. म्हणून घरच्यांनी वसुलीच्या माणसाशी तोंडी वाद घालण्यापेक्षा शाखेला लेखी अर्ज द्यावा: विम्याचे प्रमाणपत्र, खाते उतारा आणि दावा पाठवल्याची तारीख मागावी, दाखल्याची प्रत जोडावी, अर्जाची पोच घ्यावी. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. विमा कंपनीनेच दावा नाकारला असेल तर विमा लोकपालाकडे, त्याला वर्षाची मुदत आहे. ग्राहक आयोगाला दोन वर्षे, आणि त्यासाठी बोथ्याचा घाट चढून बुलढाण्याला जायलाच हवे असे नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. अडचण पतसंस्थांची आणि लहान फायनान्स कंपन्यांची आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येतच नाहीत, तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करावा लागतो; आणि निबंधकाने विम्याच्या दाव्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचे, हा प्रश्न मी विचारला की टेबलापलीकडून उलट मलाच विचारले जाते की विमा कोणत्या कंपनीचा होता.